कांटोच्या रानांत पांचशें पावलें

प्रवासाला निघावयाचें म्हणजे वळकटी बांधावी, फराळाचे डबे भरावेत, शेजारीं किल्ली द्यावी आणि गाडीच्या वेळेआधीं तासभर स्टेशनावर जाऊन बसावें, हा आमचा आजवरचा शिरस्ता. यंदाच्या उन्हाळ्यांत आम्हीं जो प्रवास केला त्यास यांपैकीं कांहींच लागलें नाहीं. माजघरांतील झोपाळ्यावर बसून, दहा वर्षांच्या नातवास वाटाड्या करून, आम्ही दीड महिना कांटो नांवाच्या देशांत हिंडत होतों. तेथील वनें, बोगदे, एक समाधिमंदिर व एक राखीव अरण्य आम्हीं पाहिलें, दुर्मिळ प्राण्यांच्या शोधांत पुष्कळ पायपीट केली, आणि एक चूक अशी केली कीं ती अद्याप मनांतून जात नाहीं. त्या चुकीमुळेंच हा वृत्तांत वाचकांपुढें ठेवावासा वाटला.

हा देश एका खेळांतला आहे. निन्तेंदो कंपनीच्या ‘गेम बॉय’ या तळहातावर मावणाऱ्या यंत्रासाठीं ‘पॉकेट मॉन्स्टर्स’ हा खेळ जपानांत २७ फेब्रुवारी १९९६ रोजीं ‘रेड’ व ‘ग्रीन’ अशा दोन आवृत्त्यांत निघाला. १९९८ सालीं तो अमेरिकेंत ‘रेड’ व ‘ब्लू’ म्हणून गेला, आणि ‘पोकेमॉन’ हें त्याचें आखूड नांव पुढें जगभर झालें. नांवांत राक्षस असले तरी त्यांतले बहुतेक प्राणी आपल्या ओळखीच्या किड्यांचे, पक्ष्यांचे, माशांचे व उंदीरमांजरांचे दूरचे नातलग वाटतात. प्रारंभीं प्रोफेसर ओक नांवाचे एक वृद्ध प्राणिशास्त्रज्ञ प्रवाशाच्या हातीं कोरी नोंदवही देतात. देशांतल्या १५० जातींचा एक एक नमुना मिळवून ती भरावयाची. ‘म्यू’ नांवाची एकशें एकावन्नावी जात खेळ बांधणाऱ्यांपैकीं शिगेकी मोरिमोतो यांनीं अगदीं शेवटीं, उरलेल्या चिमूटभर जागेंत घालून ठेवली. ती मात्र कोणत्याही गवतांत भेटत नाहीं.

आमच्या घरची ‘कॅसेट’ रेड आवृत्तीची आहे. १९९९ सालीं आमचे चिरंजीव सहावींत असतांना त्यांच्या मामांनीं ती अमेरिकेंतून आणली होती. चिरंजीवांनीं दोन सुट्ट्या खर्चून तींत मोठा संग्रह केला. परंतु या कॅसेटीचें स्मरण आंतल्या बटणाएवढ्या बॅटरीवर तगून असतें, आणि बॅटरी संपली कीं सारें पुसलें जातें. यंदा नातवानें माळ्यावरच्या पेटींतून ती काढली तेव्हां त्याच्या वडिलांचे सर्व प्राणी नाहींसे झालेले होते. गल्लींतल्या घड्याळजींनीं डाख देऊन नवी बॅटरी बसविली. चिरंजीव नोकरीनिमित्त परगांवीं असतात. नातू नव्या आवृत्त्या खेळून तरबेज झालेला. तेव्हां त्यानें वाट दाखवावी व बोटें आम्हीं चालवावींत, असें ठरलें.

कांटो हा जपानचा खरा प्रांत आहे. टोकियो शहर त्यांतच येतें, आणि खेळाचा नकाशाही त्याच्याच धर्तीवर काढलेला आहे. मौज अशी कीं येथील गांवांस रंगांचीं नांवें आहेत: व्हिरिडियन म्हणजे हिरवट, सेरूलियन म्हणजे आभाळी, लॅव्हेंडर म्हणजे फिकट जांभळें, सॅफ्रन म्हणजे केशरी. मूळ जपानी नांवेंही रंगांचींच. आणि हें सर्व ज्या पडद्यावर पाहावयाचें तो पडदा शेवाळी छटेचा, चारच फिकट-गडद थर दाखविणारा! केशरी शहर व जांभळें शहर डोळ्यांस सारखेंच दिसतें. पहिले दोन दिवस आम्हांस हें उणें वाटलें. पुढें संवय झाली, आणि नांव वाचतांच रंग मनांत आपोआप भरूं लागला.

पहिलें अरण्य व्हिरिडियनचें. झाडांच्या दाट रांगा, त्यांमधून वळणावळणाची वाट, आणि वाटेंत उंच गवत. गवतांत पाऊल टाकलें कीं एखादे वेळीं पडदा चमकतो, वाद्यें बदलतात आणि कोणीतरी प्राणी समोर उभा राहतो. कोण भेटावयाचें हें यंत्र सोडतीनें ठरवितें. पेटींत २५६ चिठ्ठ्या आहेत असें समजावें. सर्वसाधारण प्राण्यांच्या नांवें त्यांतल्या पन्नास पन्नास, आणि अगदीं दुर्मिळ जागेच्या वांट्यास केवळ तीन. येथें अळ्या व कोश यांचाच सुळसुळाट आहे. वीज अंगांत बाळगणारा पिवळा पिकाचू, ज्याची छबी आज मुलांच्या दप्तरांवर दिसते, तो शंभर भेटींत सुमारें पांचदां. आम्हांस तो तिसऱ्या दिवशीं, दुपारच्या चहाच्या वेळीं भेटला. चहा निवला, परंतु त्याबद्दल घरांत कोणीं तक्रार केली नाहीं.

या शिकारीचा मुख्य नियम येथेंच कळला. समोरच्या प्राण्यास आपल्या पाळीव प्राण्याकडून थोडें थोडें दमवावें, आणि त्याची शक्ति अगदीं थोडी उरली कीं चेंडू फेंकावा; म्हणजे तो चेंडूंत सामावतो. भर ताकदींतल्या प्राण्यावर चेंडू बहुधा फुकट जातो. उलट, एक घाव अधिक बसून तो मूर्च्छित पडला तर तो हातचा गेलाच. जगांतल्या शिकाऱ्यांस जो घाव यशाचा वाटतो तोच येथें अपयशाचा ठरतो. सेरूलियन शहराच्या उत्तरेस भेटणारा आब्रा तर याहूनही अवघड. तो दिवसाचे अठरा तास झोंपतो. मारामारी त्यास ठाऊकच नाहीं. येते ती एकच विद्या, अदृश्य होण्याची. आपण कांहीं करण्यापूर्वींच तो गेलेला असतो. त्याच्यापुढें बळाचा उपयोग नाहीं. पहिलाच चेंडू लागेल या आशेनें फेंकावा. आम्हांस तो नवव्या वेळीं मिळाला.

पुढें एक काळोखा बोगदा ओलांडून आम्ही लॅव्हेंडर गांवीं आलों. गांव लहान, त्यांतला उंच मनोरा मात्र प्रसिद्ध. लोकांनीं पाळलेले प्राणी मेले म्हणजे त्यांच्या समाधी या मनोऱ्यांत बांधतात. मजल्यामागून मजले, आणि प्रत्येक मजल्यावर दगडांच्या रांगा. कोठें एखादी बाई आपल्या प्राण्याच्या समाधीपाशीं उभी. लहान मुलांच्या खेळांत असें स्थळ असेल याची आम्हांस कल्पना नव्हती. जिन्यापाशीं एक पिशाच वाट अडवितें. सेलाडॉन शहरांतील चोरांच्या तळघरांत मिळालेली दुर्बीण जवळ असली तरच त्याचें खरें रूप दिसतें. ती एक आई आहे: मॅरोवॅक जातीची, पिल्लास मागें ठेवून चोरांच्या हातून मेलेली. नातवानें संवयीनें तिच्यावर चेंडू फेंकविला. तिनें तो चुकविला. दुसराही चुकविला. ‘‘आजोबा, ही पकडतां येत नाहीं,’’ तो म्हणाला, आणि यंत्र आमच्या हातीं देऊन पाणी प्यावयास निघून गेला. देशभर हिंडून जें दिसेल तें चेंडूंत घालणाऱ्या आम्हांस, जी कोणाच्या संग्रहांत बसत नाहीं अशी ती पहिलीच भेटली. तिला शांत करून वर गेलों. वरच्या मजल्यावर चोरांच्या तावडींतून सुटलेल्या एका म्हाताऱ्यानें आम्हांस एक बांसरी दिली.

आतां आमच्या चुकीची हकीकत. लॅव्हेंडरच्या दक्षिणेस पाण्यावर बांधलेल्या लांकडी पुलांची लांबच लांब वाट आहे. त्या वाटेवर स्नॉरलॅक्स नांवाचा एक अगडबंब प्राणी आडवा झोंपलेला असतो. रोज चारशें किलोंहून अधिक अन्न पोटांत गेल्याखेरीज त्यास समाधान नाहीं, असें सांगतात. म्हाताऱ्याच्या बांसरीनेंच तो जागा होतो. असे दोनच स्नॉरलॅक्स देशांत आहेत: एक या वाटेवर, दुसरा सेलाडॉनच्या पश्चिमेस. आम्हीं बांसरी वाजविली. तो उठला, चवताळला. आम्हीं त्यास दमविलें, शक्ति निम्म्याहून खालीं आणली. ‘‘आतां मारूं नका, चेंडू टाका,’’ नातू म्हणत होता. परंतु आणखी एक घाव बसला तर चेंडू खात्रीनें लागेल, असा आमचा हिशेब. घाव वर्मीं बसला. स्नॉरलॅक्स आडवा झाला.

खेळ दयाळू आहे. येथें तो मेला असें म्हणत नाहींत. मोठी जांभई देऊन तो डोंगरांकडे परत गेला असें सांगतात. पण पुन्हां कधीं भेटत नाहीं. यावरही एक उपाय होता. मागें जेथें प्रवासाची नोंद साठविली असेल तेथून पुन्हां आरंभ करतां येतो. परंतु प्रत्येक महत्त्वाच्या प्रसंगानंतर तत्काळ नोंद करून ठेवणें ही आमची चाळीस वर्षांच्या कचेरीची संवय. घाव बसल्यावर काय झालें याचा पुरता बोध होण्याआधींच आमच्या अंगठ्यानें ती नोंद करून टाकली होती. वहींत स्नॉरलॅक्सच्या नांवापुढें ‘पाहिला’ एवढेंच उमटलें, ‘मिळाला’ ही खूण उमटली नाहीं. नातू रागावला नाहीं. त्यानें रात्रीं आपल्या वडिलांस फोन केला आणि हलक्या आवाजांत सर्व सांगितलें, एवढेंच.

अशा मनःस्थितींत आम्ही फ्यूशिया शहरीं पोहोंचलों. येथें गांवांतच कुंपणांमागें कांहीं दुर्मिळ प्राणी लोकांस पाहावयास ठेविले आहेत. त्यांत चॅन्सी आहे: अंड्यासारखी गोल, पोटाशीं एक अंडें बाळगणारी. ती क्वचित् सांपडते आणि ज्यास सांपडते त्यास सुख देते, अशी तिची ख्याति. कुंपणापाशीं ती हवी तितका वेळ पाहावी. हात मात्र लावतां येत नाहीं. तिला मिळवावयाची तर गांवाच्या उत्तरेस जें राखीव अरण्य आहे त्यांत शोधावी.

या अरण्याचे कायदे निराळे आहेत. द्वारावर तेथील चलनाचे ५०० द्यावे लागतात. त्याबद्दल ३० चेंडू मिळतात आणि ५०० पावलें चालण्याची मुभा मिळते. पावलें संपलीं किंवा चेंडू संपले कीं घंटा होते व आपण दाराबाहेर. आपले पाळीव प्राणी येथें कामास येत नाहींत. घाव घालावयाचाच नाहीं. समोर आलेल्या प्राण्यास एक तर आमिष टाकावें, नाहीं तर खडा मारावा, नाहीं तर सरळ चेंडू फेंकावा. आमिष टाकलें तर तो खात उभा राहतो, लवकर पळत नाहीं. परंतु चेंडूंतही सहजासहजीं येत नाहीं. खडा मारला तर चेंडूंत येणें सोपें होतें. परंतु तो चिडतो आणि पळण्याचा संभव वाढतो. जो जातीचाच चपळ तो अधिक लवकर जातो. दोन्ही हातांनीं एकदम कांहीं मिळावें अशी येथें सोयच नाहीं.

हा खेळ ज्यांनीं कल्पिला त्या सातोशी ताजिरी यांची हकीकत येथें सांगावीशी वाटते. त्यांचा जन्म १९६५ सालचा. टोकियोच्या पश्चिमेकडील माचिदा या उपनगरांत ते वाढले. त्या वेळीं तेथें शेतें, ओढे, तळीं व झाडी होती, आणि ताजिरींस किड्यांचें वेड. सोबती त्यांस किड्यांचे डॉक्टर म्हणत. झाडाच्या सालीवर मध लावून भुंगेरे पकडण्याची जपानी मुलांची जुनी युक्ति आहे. ताजिरी झाडाखालीं एक दगड ठेवीत. दिवसा झोंपावयास भुंगेरे दगडाखालीं येतात हें त्यांनीं हेरलें होतें. ही आठवण त्यांनीं १९९९ सालीं एका मुलाखतींत सांगितली. पुढें शहर पसरलें, शेतें गेलीं, आणि मासे धरण्याच्या तळ्याच्या जागीं पैसे टाकून यंत्रावर खेळण्याचें दालन उभें राहिलें. त्याच दालनांत ते खेळांच्या नादीं लागले. १९८३ मध्यें त्यांनीं ‘गेम फ्रीक’ नांवाचें हस्तलिखित वळणाचें पत्रक काढलें, १९८९ मध्यें त्याच नांवाची कंपनी केली, आणि मग सुमारें सहा वर्षें खपून हा देश बांधला. दोन गेम बॉय जोडणारी तार पाहून तिच्यावरून किडा इकडून तिकडे जात आहे असें त्यांच्या डोळ्यांपुढें आलें, म्हणतात. नाकतोड्यासारखा सायथर रेडमध्येंच रानांत भेटतो, शिंगाळ्या भुंगेऱ्यासारखा पिन्सर ब्लूमध्येंच. तेव्हां त्या तारेनें दुसऱ्याशीं देवघेव केल्याखेरीज कोणाचीच वही पुरी होत नाहीं. राखीव अरण्यांत आमिष व खडा हातीं घेतांना आम्हांस राहून राहून तो मध व तो दगड आठवे. तळें बुजलें, त्यावर यंत्रें आलीं, आणि त्याच यंत्रांत एका मनुष्यानें तें तळें पुन्हां खणून ठेविलें.

चॅन्सीसाठीं आम्हीं त्या अरण्याच्या सव्वीस फेऱ्या केल्या. प्रवेशद्वारालगतच्या गवतांत तिच्या वांट्यास २५६ पैकीं त्या तीनच चिठ्ठ्या आहेत. शिंगांचे निडोरान आणि अंड्यांच्या घोसासारखे एक्झेगक्यूट इतके भेटले कीं नातवानें त्यांस नांवें ठेवण्याचेंही सोडलें. एका कोपऱ्यांत तेथल्या रखवालदाराची हरवलेली सोन्याची कवळी सांपडली. ती नेऊन देईपर्यंत त्या गृहस्थाचें एक अक्षर कोणास कळत नव्हतें. कवळी मिळतांच तो भडभडा बोलूं लागला. आम्हां वृद्धांस या विनोदाचें मर्म विशेष कळलें.

सव्विसाव्या फेरींत, एकेचाळीस पावलें व चार चेंडू उरले असतांना ती आली.

‘‘आजोबा, खडा कीं आमिष?’’

पुलावरचा तो घाव आठवून आमचा अंगठा थबकला. आम्हीं आमिष टाकविलें. ती खाऊं लागली. पहिला चेंडू फुटला. ती खातच होती. दुसरा फुटला. तिसरा दोनदां हलला आणि फुटला. ती अजून तेथेंच. चौथा चेंडू फेंकण्यापूर्वीं नातवानें आमच्याकडे पाहिलें, आम्हीं त्याच्याकडे. चेंडू गेला, एकदां हलला, दोनदां हलला, उघडला. आणि घंटा झाली. आम्ही दाराबाहेर उभे होतों. बाहेर, कुंपणामागें, दुसरी चॅन्सी पूर्वींसारखीच उभी होती.

त्या सायंकाळीं झोपाळ्यावर आम्हीं नातवास आमच्या आजोळची एक गोष्ट सांगितली. सेलाडॉन शहराचें जपानी नांव तमामुशी आहे, आणि तमामुशी म्हणजे हिरव्यासोनेरी झळकीचा भुंगेरा. आपल्याकडे त्याच्याच कुळींतलें सोनपाखरूं असतें. तळ्याकांठच्या बाभळींवर पावसाळ्यांत तें मिळे. आम्हीं मुलें आगपेटींत बाभळीचा पाला घालून त्यांत तें ठेवीत असूं. ज्याची आगपेटी अधिक झळके तो श्रेष्ठ. चतुराच्या शेपटीस दोरा बांधून त्यास उडविण्याचेंही कौतुक होतें. एके वर्षीं श्रावणांत आम्हांस अंगठ्याएवढें मोठें सोनपाखरूं मिळालें. दुसऱ्या गांवच्या मुंजीस जावें लागल्यामुळें आगपेटी फडताळांत राहिली.

‘‘मग तें सुटलें का?’’ नातवानें विचारलें.

चौथ्या दिवशीं आम्हीं पेटी उघडली. रंग तसाच होता, रेसभरही उणा झाला नव्हता. तें मात्र हललें नाहीं. तें तळें आतां नाहीं; त्यावर भर घालून चार मजली इमारती झाल्या आहेत. बाभळीही गेल्या. परंतु तळें दुसऱ्यांनीं बुजविलें आणि पेटी आम्हीं मिटली, हा फरक सांगावयास आम्हांस इतकीं वर्षें लागलीं.

आमची वही सध्यां अठ्ठ्याण्णवांवर आहे. सेरूलियनच्या गुहेंत म्यूटू नांवाचा एकुलता एक प्राणी आहे. तेथवर आम्ही अजून पोहोंचलों नाहीं. चॅन्सी मिळाली नाहीं, आणि सत्ताविसावी फेरी पावसाळा लागल्यावर करूं असें ठरलें आहे.

राहिला सेलाडॉनच्या पश्चिमेचा स्नॉरलॅक्स. परवां आम्ही त्याच्यापाशीं जाऊन आलों. बांसरी पिशवींत होती, चेंडू वीस होते, नोंदही या खेपेस आधींच करून ठेविली होती. वाटेवर तो पसरून निजलेला. आम्हीं बांसरीवर बोट ठेविलें, तोंच नातवानें हात धरला.

‘‘नको, आजोबा. बाबांनीं त्यांचा इथेंच पकडला होता, त्या रात्रीं फोनवर सांगितलें त्यांनीं. दिवाळीला येतील तेव्हां तेच वाजवतील.’’

आम्हीं यंत्र बंद केलें. दिवाळीस पांच महिने आहेत. घड्याळजींनीं घातलेली बॅटरी तोंवर खात्रीनें टिकेल, असें त्यांस पुन्हां एकदां विचारून आलों आहों.